नाना आणि रामजीचं गाव

नाना गेल्याची तार जळगावला माझ्या शाळेत आली. वर्गात मुली पाढे म्हणत होत्या आणि मला ते पाकीट फोडवेना. गेली सात वर्षं सावद्याहून आलेल्या प्रत्येक तारेला मी अशीच भीत आले. ज्या गावी जाऊ नये तिथं मी नानांसोबत गेले होते. त्याची शिक्षा कधीतरी अशीच पाकिटातून येईल, असं वाटायचं...

नाना माझे धाकटे चुलते. सावद्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि केळीच्या बागेत रमले. त्यांचे पणजोबा रामजी हे आमच्या घराण्याचे मूळ पुरुष. नरडाण्याकडच्या एका खेड्यातून दोन लेकरं घेऊन ते तापी ओलांडून आले, एवढंच वंशावळ लिहिणाऱ्या भाटाच्या वहीत होतं. लेकरांच्या आईच्या नावाची जागा कोरी. शिवाय घरात एक दंडक होता, त्या गावची वाट धरायची नाही. का, ते कुणी सांगत नसे. पाकिस्तानशी लढाई झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात नानांच्या सुनेला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन्ही बाळं बारशाआधीच गेली होती. काकू म्हणायच्या, हा त्या गावचा तळतळाट आहे. नाना हसण्यावारी न्यायचे. पण एका सकाळी ते जळगावला माझ्या मेहरूणच्या खोलीवर आले आणि चहाची बशी बाजूला सारून म्हणाले,

“काकूला सांगू नकोस. रामजींनी तिथं काय केलं ते मला बघायचंय.”

“नको, नाना. काही भलतंच निघालं तर?”

“न बघताच रोज घाबरतोय, बाई. तू सोबत चल.”

सुरत पॅसेंजरनं नरडाण्याला उतरून आम्ही बैलगाडी केली. गावात रामजींचं नाव काढताच पारावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. एकानं आम्हाला नव्वदीच्या एका अक्कांकडे नेलं. त्यांना दिसत नव्हतं. नानांचा हात चाचपत त्या म्हणाल्या, “रामजीना वंशना शेतस? आते उनात?” इतक्या वर्षांनी आत्ता आलात, हा सवाल ऐकून उठून पळावं, असं मला झालं.

मग अक्का थांबत थांबत बोलल्या. गावात पटकीची साथ होती. घरंच्या घरं ओस पडत होती. रामजींच्या बायकोला सकाळी उलट्या सुरू झाल्या. त्यांनी लेकरांना बाहेर काढलं, ती मागे धावत येऊ नये म्हणून दाराला बाहेरून कडी घातली आणि ते निघून गेले. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी दार उघडलं, तर ती जिवंत होती. पुढे म्हातारी होऊन वारली. अक्कांनी लहानपणी तिच्या हातची भाकर खाल्ली होती. तिचं नाव भागीरथी.

नाना पुढे सरकून अक्कांजवळ बसले. मग त्यांनी विचारलं, “तिनं... शाप दिला का आम्हाला?”

“सराप? नही भाऊ. ‘मन्हा पोरे जगनात का?’ इतलंच जो भेटे त्याले इचारे ती. मरेपर्यंत.”

नानांनी अक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं. “जगले, अक्का. दोघंही जगले.”

शाप नव्हता हे कळलं, पण भीती गेली नाही. परतताना गाडीत नाना मला म्हणाले, “तेव्हा मी असतो, तर मीही कडी घातली असती का गं?... आता मला माझीच भीती वाटते.” श्रावणात सुनेला मुलगी झाली. सव्वा महिना घरात कुणी मोठ्यानं बोललंही नाही. मुलगी जगली. नानांनी भाटाकडून वहीतली कोरी जागा भरून घेतली आणि तेच नाव नातीला ठेवलं. काकूंना सगळं सांगितलं ते त्या दिवशी. काकू दिवसभर जेवल्या नाहीत.

तेव्हापासून नानांना एक सवय लागली. घराला कुलूप लावण्याआधी ते प्रत्येक खोलीच्या दारात जाऊन हाक मारत, “कोणी आत आहे का?” काकू चिडत, एस.टी. चुके, पण नाना हाक मारल्याशिवाय कडी लावत नसत.

तेराव्यानंतर आम्ही सगळे बागेकडे निघालो. मी कडीला हात घातला, तर छोटी भागीरथी मला बाजूला सारून आत गेली. माजघर, स्वयंपाकघर... प्रत्येक दारात ती नानांसारखीच हाक मारत होती. नानांच्या खोलीपाशी ती जरा जास्तच वेळ थांबली. आम्ही बाहेर, कडी न लावता तिची वाट बघत उभे.