पाय जाण्याआधी

एकमेकांकडे फिरणाऱ्या या पत्रातल्या मंडळींनो, आज दुपारी माझा धाकटा भाऊ असोद्याहून इथे धुळ्याच्या पुनर्वसन केंद्रात आला. माझ्या घराची किल्ली त्याच्याकडे आहे. मी एकटी राहू शकते असं पटलं, तरच तो ती देणार.

माझा आजार तुम्हाला माहीत आहे. सकाळी पाय माझे असतात, दुपारी असतीलच असं नाही.

त्याला केंद्राच्या फाटकापर्यंत चालून दाखवायचं होतं. वाटेतल्या निंबापाशी पोटऱ्या जड झाल्या. बसले तर किल्ली जाईल, चालले तर कदाचित पडेन. इथे रोज शिकवतात, पडण्याआधी बसायचं. मी पारावर बसले.

तो धावत आला. "पाय गया का, अक्का?"

"नाही रे. जायच्या आधी बसले."

तो शेजारी बसून खिशातली किल्ली चाळवत राहिला. मग म्हणाला, "कोन्ही देखत नही, तव्हय बी बसशी का?"

घरी कोणी बघत नसताना? मला हो म्हणता येईना. चुलीवर दूध उतू जात असताना मी बसेन?

"माहीत नाही," मी म्हणाले. "तिथे राहिल्याशिवाय कळणार नाही."

किल्ली तो परत घेऊन गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारणार आहे.

तुमच्यापैकी जे केंद्रातून घरी परतले, ते एकटे असताना वेळेवर बसतात का? खरं लिहा.