सात प्रश्नांचा कागद

मेडिकलच्या बॅचमधले तिला कुजबुज म्हणत. तिचा आवाजच तसा होता. समोरच्याला अर्धं वाक्य ऐकू यायचं आणि उरलेलं त्याने समजून घ्यायचं. पहिल्या वर्षी मढ्यांशी काम होतं, तिथे भागलं. पुढे वॉर्डात गेल्यावर रजिस्ट्रार म्हणाला, "अगं, हिस्ट्री घेतेयस की गुपित सांगतेयस?" बारा जण हसले. तीही हसली, तेवढ्याच आवाजात.

सोमवारपासून युरॉलॉजीचं पोस्टिंग होतं. पुस्तक दोनदा वाचून झालं होतं. प्रोस्टेट नावाची अक्रोडाएवढी ग्रंथी वयाबरोबर कशी फुगते आणि लघवीची वाट कशी आवळत जाते, हे तिला आकृतीसकट येत होतं. अडत होतं ते एका कागदापाशी. सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. लघवी राहून गेल्यासारखी वाटते का, धार बारीक झाली आहे का, जोर करावा लागतो का. बापाच्या वयाच्या माणसांना हे विचारायचं, आणि मोठ्याने विचारायचं, कारण त्यातल्या निम्म्यांना कमी ऐकू येणार.

बाकीच्यांनी जोड्या लावून सराव केला. एक डॉक्टर, एक पेशंट. पेशंटने मनाला येईल ते ठोकून द्यायचं. बॅचमध्ये तेरा जण होते. जोड्या सहा झाल्या. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, हेच तिला जास्त लागलं.

शुक्रवारी दुपारी हॉस्टेल रिकामं होतं. खालच्या मजल्यावर कुठलं तरी दार वाऱ्याने आपटत होतं आणि ते लावायला कुणी जात नव्हतं. तिने खोलीतल्या खुर्चीला प्रश्न विचारून पाहिले. खुर्चीवर टॉवेल वाळत होता. तिसऱ्या प्रश्नाला तिने टॉवेल उचलून त्याची घडी घातली आणि बाबाला फोन लावला.

बाबा शिंपी होता. आई गेल्यापासून दुकानाच्या मागच्याच खोलीत एकटा राहायचा.

"बोला, डॉक्टरीणबाई."

"बाबा, एक काम आहे. पण हसायचं नाही."

काम ऐकून तो हसला नाही. "यात काय एवढं? चाळीस वर्षं पँटींची मापं घेतोय मी. पायाचं आतलं माप घेताना गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघितलं की तोही लाजतो, आपणही. टेपकडे बघायचं. आवाज असा, की जसा काही खिडकीचा पडदा मोजतोय. विचार."

"तू पेशंट हो. काहीही बनवून सांग."

"झालो. वय एकसष्ट."

जन्मापासून ती त्याला अरे-तुरे करत आली होती. आता कागदाकडे बघत म्हणाली, "गेल्या महिन्याभरात, जाऊन आल्यावरही लघवी राहिल्यासारखी तुम्हाला वाटली का?"

"मोठ्याने. पेशंट बहिरा आहे."

तिने पुन्हा विचारलं.

"वाटते. बरेचदा."

चार गुण.

"दोन तासांच्या आत परत जावं लागतं?"

"दोन तास? अहो, पेशंटची एक बाही लावून होत नाही तेवढ्यात."

"पेशंटपण शिंपीच का?"

"मग? मला दुसरं काय येतं?"

तिने हसत पाच लिहिले. तिसरा झाला, चौथा झाला. खुर्चीपेक्षा बाबा फारच बरा होता.

"धार बारीक वाटते?"

"चपलेशीच पडते. आणि आधी वाट बघावी लागते ती वेगळीच. गिऱ्हाईक आरशासमोर टाचण्या लावून उभं, आणि पेशंट आत नळ सोडून उभा. नळाचं पाणी ऐकलं की येते कधी कधी."

तिचं पेन थांबलं. कागदावर नळ नव्हता. बनवून सांगणारा माणूस नळापर्यंत जात नाही.

"लांबच्या प्रवासाला अडचण होते?" हाही प्रश्न कागदावर नव्हता.

"जातच नाही. बस मध्ये कुठे थांबत नाही, तीन तास. मुलगी बोलावते, तिला शाळेच्या गणवेशांचं काम आहे म्हणून सांगतो."

दहा महिने तो हेच सांगत होता. दहा महिने तिला वाटत होतं, बाबाला आपल्याशिवाय राहायची सवय झाली.

तिला त्याला हाक मारावीशी वाटली. मारली असती तर पेशंट उठून गेला असता. तिने नजर कागदावर ठेवली आणि उरलेले दोन प्रश्न स्वच्छ, मोठ्या आवाजात विचारले. रात्री किती वेळा उठावं लागतं, याला तो "चारदा" म्हणाला. तिने बेरीज केली.

"किती आले?"

"पस्तीसपैकी तेवीस."

"म्हणजे पास."

"यात जास्त आले की वाईट असतं."

फोनमधून रस्त्यावरचा एक हॉर्न ऐकू आला.

"पेशंटला सांगा, डॉक्टरला दाखवायलाच हवं. याला उपचार आहेत. मी उद्या येते, घेऊन जाते त्याला."

"नको. तू आलीस तर तो यायचा नाही." त्याचा आवाज सपाट होता. "एकटा जाईल."

"नक्की?"

"सांगतो त्याला." मग म्हणाला, "आवाज छान लागला हं तुझा. शेवटचे दोन तर रस्त्यावर ऐकू गेले असतील."

सोमवारी ओपीडीत तिने तीन म्हाताऱ्यांना सातही प्रश्न विचारले. रजिस्ट्रारने मान वर केली. "अगं हळू! शेजारच्या डोळ्यांच्या ओपीडीतले उत्तरं द्यायला लागतील." ती हसली नाही. चौथ्याला बोलावणार तोच एप्रनच्या खिशात फोन थरथरला.

बाबाने फोटो पाठवला होता, तिकडच्या रुग्णालयाच्या केसपेपरचा. खाली-वर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. तिने फोटो मोठा करून पाहिला. त्याचं पूर्ण नाव. या वेळी खरं वय, चौसष्ट. तक्रार, लघवीची. आणि 'सोबत आलेले नातेवाईक' या ओळीवर कारकुनाने आडवी रेघ मारली होती.