बंद पडणारी गाडी आणि दोन भाऊ

आडगावजवळ महामार्गावर झालेला तो अपघात अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. पोलीस खात्यातून निवृत्त व्हायला मला अजून काही वर्षं होती. भर दुपारी एक चारचाकी चालता चालता रस्त्याच्या मधोमध बंद पडली आणि मागून येणाऱ्या टेम्पोने तिला धडक दिली. गाडी चालवणारा बचावला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोचा पाय मांडीत मोडला.

टेम्पोवाला पळाला नाही. त्यानेच बाईंना दवाखान्यात पोहोचवलं. अपघाताची नोंद झाली, पंचनामा झाला, आणि प्रकरण तिथेच संपेल असं मी धरून चाललो होतो. पण दुसऱ्या दिवशी नवरा ठाण्यात आला आणि ठाणे अंमलदाराला म्हणाला, "हा अपघात नाही. माझ्या भावाने घातपात केलाय."

हा थोरला भाऊ. कुटुंब मूळचं देवळ्याकडचं. धाकटा अंबडच्या एका कारखान्यात विजेच्या देखभालीचा इंजिनिअर होता. दोघे एकाच सोसायटीत वरखाली राहत.

मी थोरल्याला समोर बसवलं. "भावावरच संशय का?"

"गाडी महिनाभर त्रास देत होती, साहेब. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागायचे, स्टेअरिंग जड व्हायचं, इंजिन बंद. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली, सेन्सर बदलला, फरक नाही. आणि परवा धाकटा मला म्हणतो, या गाडीत बसू नकोस. का, विचारलं तर गप्प. याला धमकी नाही तर काय म्हणायचं?"

त्याच संध्याकाळी सोसायटीचा वॉचमन आपणहून आला. त्याने मागेपुढे पाहिलं आणि हळूच सांगितलं, "माझं नाव घेऊ नका साहेब. पण धाकले साहेब लय वेळ त्या गाडीत घुसेल व्हते. पार उताणे पडून, डॅशबोर्डच्या खाली. मी गेलो तं दचकले."

धाकट्याला चौकशीला बोलावलं. सरळ माणूस दिसत होता, पण सरळ दिसणारी माणसं मी खूप पाहिली होती.

"गाडीत काय करत होतात?"

"बघत होतो, का बंद पडते ते."

"भावाला सांगून?"

"नाही."

"गाडीत बसू नकोस, असं का म्हणालात?"

"ते नाही सांगता येणार." पाणी दिलं, ते प्यायला नाही. माझा हवालदार बाहेर येऊन म्हणाला, "साहेब, हाच आहे." मलाही तसंच वाटत होतं. पण वाटण्यावर कुणाला अटक करता येत नाही.

मोटार वाहन निरीक्षकाने ब्रेक, टायर, स्टेअरिंग तपासून दिलं होतं. त्यात दोष नव्हता. म्हणून गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या वर्कशॉपमधून तज्ज्ञ मागवला. तिशीतली इंजिनिअर बाई आली. तिने स्टेअरिंगखाली स्कॅनर जोडला आणि पंचांसमोर मला त्याची स्क्रीन दाखवली.

"सर, इंजिनचं कंट्रोल युनिट म्हणतंय ब्रेकचं युनिट उत्तर देत नाही. ब्रेकचं म्हणतंय स्टेअरिंगचं देत नाही. सगळी एकदम बिघडणार नाहीत. या सगळ्यांचा निरोप ज्या दोन वायरींवरून जातो, तिथेच काहीतरी आहे."

बॅटरी काढून तिने त्या दोन वायरींमधला रोध मोजला. आकडा बरोबर होता. मग डॅशबोर्डखालचा वायरींचा जुडगा तिने हाताने हलवला, आणि आकडा शून्यावर आला. सोडला, पुन्हा बरोबर. "इथे दोन्ही वायरी एकमेकींना चिकटतायत. खड्ड्यात गाडी आपटली की शॉर्ट."

डॅशबोर्ड उतरवला. अगदी आत, हात पोहोचणार नाही अशा जागी, वायरींचं आवरण सोलून जोड मारलेला होता. वर काळी टेप. जोडाच्या टोकाला काडेपेटीएवढी डबी.

"ट्रॅकर आहे," ती म्हणाली. "गाडी कुठे जाते, कधी सुरू होते, ते मोबाइलवर दिसतं. बसवणाऱ्याने जोड मात्र फार वाईट मारलाय."

डबी जप्त केली. आतल्या सिमकार्डाची माहिती मागवली. ते थोरल्याच्या बायकोच्या नावावर निघालं.

धाकट्याला पुन्हा बोलावलं आणि डबीची पिशवी त्याच्यासमोर ठेवली. त्याचा चेहरा उतरला. "साहेब, वहिनीला काही विचारू नका. माझं नाव लिहा."

"बसवली कुणी?"

"वहिनीनेच, एका दुकानातून. दादाचं बाहेर काहीतरी आहे असं तिला वाटत होतं. गाडी बंद पडायला लागली तशी घाबरली. मला म्हणाली, गुपचूप काढून द्या. मी शोधली, सापडली नाही. दादाला खरं सांगता येईना, म्हणून म्हटलं, बसू नकोस."

जबाब घ्यायला मी दवाखान्यात गेलो. बाईंनी काही लपवलं नाही. थोरला दाराशी उभा होता, धाकटा खिडकीपाशी. जबाब संपल्यावर त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "दर आठवड्याला गाडी देवळ्यात दिसते. घरी सांगता, विंचूरला जातो. देवळ्याला कोण आहे, तेवढं सांगा."

थोरला स्टुलावर बसला. मग म्हणाला, "कोणी बाई नाही. जमिनीला गिऱ्हाईक बघत होतो."

जमीन वडिलांची, उताऱ्यावर नावं दोघांची.

"याला कळलं तर मोडता घालील, असं वाटलं," तो भावाकडे न बघता म्हणाला. "म्हणूनच गाडी बंद पडली तेव्हा वाटलं, याला कळलंय."

धाकटा शांतपणे म्हणाला, "दादा, विचारलं असतंस तर सही दिली असती."

घातपाताचा पुरावा नाही, असा अहवाल मी पाठवला. जोड मारणाऱ्या दुकानदारावर निष्काळजीपणाबद्दल कारवाई झाली. बाई पुढे चालू लागल्या, पण जरा लंगडत.

त्यानंतर जितका काळ नोकरी केली, तितका काळ मी एक गोष्ट पाळली. कुणी घरच्याच माणसाचं नाव घेतलं, की त्या माणसाला बोलावण्याआधी तक्रारदारालाच विचारायचो: त्याने तुमच्या जिवावर उठावं, असं तुम्ही काय केलंय? पुष्कळ जण या प्रश्नावर चिडायचे. काही जण मात्र खाली बघायचे, आणि खरा तपास तिथून सुरू व्हायचा.