तणसात फुगलेलं पीठ

आमच्या घरी पाहुणा आला की चहा उकळायच्या आधी माझ्या इडलीचे किस्से सुरू होतात. मी आपला गप्प ऐकतो. पण सांगणारे दरवेळी थोडं वाढवून सांगतात, म्हणून खरे तेवढे आज मीच सांगतो.

माझी शाळा नववीतच सुटली. बाबा म्हणाले, "राइस मिलच्या मुकादमाशी बोललो. पोते उचलाले जा."

मी कसाबसा बोललो, "मी सौंदडच्या स्टेशनजवळ इडली-डोशाची गाडी लावतो म्हणतो."

"येते का तुले इडली?"

"नाही."

बाबा हसलेच! मग म्हणाले, "संक्रांतीपर्यंत शिक. नाही जमलं तं मिल."

*

पहिल्या इडलीसाठी बाबांनी घरचा नवा बारीक तांदूळ काढून दिला. पाहुण्यांसाठी राखलेला, शिजला की गल्लीभर वास! पण वाफवल्यावर इडली वाटीतून निघेना. शेजारच्या शांताकाकूंनी बोट घातलं, तर बोटच अडकलं.

"वास मस्त हाये गा," त्या म्हणाल्या. "थोडं घरी नेऊ का? पोराच्या पुस्तकाइले कव्हर चिपकवाचे हाये."

*

माय म्हणाली, "जाडा उसना तांदूळ टाकून पाहू."

बाबा भडकले. "लोकाइले जाडा तांदूळ खाऊ घालतं? आपल्या घरी धान नाही पिकत का?"

मायनं गुपचूप उसना, म्हणजे उकडा तांदूळच भिजवला. इडली अलगद सुटून आली. बाबांनी खाल्ली आणि मिशीवरून हात फिरवला. "पाहा! घरच्या बारीक तांदळाची बातच और हाये!"

आम्ही दोघांनीही मान हलवली.

*

थंडी पडली आणि पीठ फुगणंच बंद झालं. मायनं डबा गोठ्यातल्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या ढिगात खुपसून ठेवला. आत चांगली ऊब असते. सकाळी पाहतो तर पिठानं झाकण उडवलेलं, आणि बैल पांढऱ्या तोंडानं शांत उभा!

बाबा म्हणाले, "आता त्याले चटणी पण दे."

*

मेदुवड्याला भोक पाडायचं मला जमत नव्हतं. बिनभोकाचा वडा तेलात फुटला आणि माझा हात भाजला. दुसऱ्या दिवशी मी दादाचं हेल्मेट घालूनच चुलीपुढे बसलो. शांताकाकू दारातूनच ओरडल्या, "कुठं जाऊन राहिला गा?"

"कुठं नाही काकू. वडे तळून राहिलो."

*

संक्रांत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मुकादम दारात हजर. "काऊन गा, येतो ना मिलवर?"

माझे हात पिठात. माय म्हणाली, "बसा भाऊ, आधी नाश्ता करा."

मी इडली-चटणी नेऊन ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिलो. प्लेट साफ झाली.

"अजून हाये का?"

मी डोसा दिला. तोही गेला. मग आणखी दोन इडल्या. शेवटी बोटं चाटून, पाणी पिऊन ते बाबांकडे वळले. "तं भाऊ, उद्यापासून पोराले पाठवता ना?"

बाबांनी ती रिकामी प्लेट उचलली.

"त्याले कायले पाठवू? उद्यापासून तुम्हीच येत जा. स्टेशनजवळ. सकाळी सात वाजता!"