झडतीबाई आणि माझं उलथनं

आमच्या वडवणीच्या शाळेतल्या मोठ्या बाईंना दंगेखोर लेकरांचा कधी संशय आला नाही. त्यांना संशय यायचा शहाण्यांचा. हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसलेलं लेकरू दिसलं, की बाई त्याच्यापाशी थांबायच्या. "काय लपवायलास?" म्हणून हळूच विचारायच्या. त्यावरून गावानं त्यांचं नाव झडतीबाई ठेवलं. ते नाव मीच ठेवलं, असं लोक म्हणतात. म्हणोत.

माझी रेखा तिसरीत होती. ती पोरींना चावते, पाट्या भिरकावते, तिचं नाव शाळेतून कमी करा, असं वर्गाच्या गुरुजींनी बाईंना सांगितलं. मी पदर खोचून शाळेत गेले. तेव्हाची मी म्हणजे हातात उलथनं आणि डोक्यात वारं.

"घरी नुसती गाय हाय," मी म्हणाले. "गुरुजींचाच काय तरी डाव असंल."

बाईंनी गुरुजींकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "घरी कधीच दंगा न्हाई?"

"न्हाई."

"हट्ट? रडणं?"

"माझ्याम्होरं रडायची टाप हाय का तिची?" मी ऐटीत सांगितलं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "बरं. बघू आठ दिवसांनी."

मी जिंकून घरी आले.

बाजारच्या दिवशी बाई लांबून येताना दिसल्या, तसं मी ओळखलं, ही झडती. रेखाला पुस्तक देऊन भिंतीशी बसवलं, उलथनं ज्वारीच्या कोठीमागं टाकलं आणि चपात्या बोटांनीच उलटू लागले. बाईंनी पाणी मागितलं. घोट घोट पीत त्या माझी भाजलेली बोटं बघत राहिल्या.

"उलथनं न्हाई का घरात?"

"मोडलं."

"कोठीमागं हाय," भिंतीपासून रेखा म्हणाली. आणि म्हणताच तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. मी जागची हललेही नव्हते.

बाई उपदेश करतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी कोठीमागं हात घातला, उलथनं काढून पिशवीत टाकलं. "हे शाळंत राहू द्या. रेखाचं नाव बी राहील."

नवं उलथनं आणायला मी दोनदा दुकानापर्यंत गेले. दोन्ही वेळा रेखा बोटाला धरून होती. तशीच परत आले.

उन्हाळ्यापर्यंत रेखानं माठ फोडला, मला उलट बोलायला लागली. शाळेतल्या तक्रारी मात्र थांबल्या. मी गाऱ्हाणं नेलं, तर बाई म्हणाल्या, "घरी दंगा करायला मिळाला, मंग शाळंत कावून करंल?"

बाईंची आष्टीला बदली झाली तेव्हा स्टँडवर त्यांनी उलथनं पेपरात गुंडाळून माझ्या हाती दिलं. "आता झडती तुमीच घेत जा." त्यानंतर बाई दिसल्या नाहीत.

परवा मी रेखाच्या सासरी गेले, तर तिच्या लेकीच्या शाळेनं मोबाइलवर प्रश्न पाठवलेले. मूल चिडतं का, हट्ट करतं का. रेखा भराभर 'कधीच नाही' दाबत होती. नात भिंतीशी बसलेली, हाताची घडी घालून.

मला एकदम तहान लागली. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. उलथनं खिळ्याला होतं. कोठीमागंही हात घालून पाहिला, काही नव्हतं.

तरी येत्या बाजारी मी परत पाणी प्यायला जाणार आहे.