तीन ईस न् पाच

सरांनी माझा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि लाकडी पट्टीची कड बोटांवर मारली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मधल्या बोटाच्या नखातून रक्त आलं.

"पासष्ट म्हण."

मला म्हणता येईना. मोखाड्याकडची एक आश्रमशाळा, मी तिसरीत. फळ्यावर ३८ अधिक २७ होतं. मी बोटांची पेरं मोजून उत्तर दिलं होतं, "तीन ईस न् पाच."

आमच्या घरी विसाला ईस म्हणतात. त्याच्या वरच्या आकड्यांना वेगळी नावं नाहीत. चाळीस म्हणजे दोन ईस. गवताचे पेंढे मोजताना बा वीस झाले की एक दगड बाजूला ठेवतो. तीन दगड आणि वर पाच पेंढे, म्हणजे तीन ईस न् पाच. बा कधी चुकला नाही. मीही चुकले नव्हते.

"बोटं मोजते," सर वर्गाला म्हणाले. "माकडाला पण बोटं असतात."

वर्ग हसला. हसणारी पोरं आमच्याच पाड्यांवरची होती. त्यांच्या घरीही ईसच होती.

भिंतीवर गणितमाळ टांगलेली होती. शंभर मणी, दहा लाल, दहा पांढरे, असे. पोरांनी मणी सरकवत मोजायला शिकावं म्हणून ती शाळेला मिळाली होती. आम्ही तिला कधी हात लावला नव्हता. सरांनी ती खाली काढली, माझे हात मागे ओढले आणि माळेने मनगटं बांधली. करकचून.

"आता मोज."

जेवणाच्या घंटेपर्यंत मी व्हरांड्यात उभी होते. येणारीजाणारी पोरं बघत होती. लघवी लागली होती, विचारायची हिंमत झाली नाही. फ्रॉक ओला झाला. एक मोठी मुलगी नाक धरून गेली. मी खाली मान घातली आणि मागे बोटांना लागतील तेवढे मणी मोजले. अठरा. का मोजले ते अजून सांगता येत नाही.

नख काळं पडलं आणि गळून गेलं. घरी सांगितलं, दगड पडला.

पुढचं लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. इथपर्यंत मार खाणारी मी आहे. यापुढे तसं नाही.

आता मी शिक्षिका होण्यासाठी डी.एल.एड. करतेय, दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवायच्या सरावासाठी, मला जव्हारजवळच्या एका पाड्यावरची शाळा मिळाली. साखरशेतकडे जाणाऱ्या जीपने यायचं, फाट्यावर उतरून चालत जायचं. मुख्याध्यापकांच्या सहीशिवाय आंतरवासिता पूर्ण होत नाही, आणि ती झाली नाही तर वर्ष गेलं.

मुख्याध्यापक आमच्यातलेच. पहिल्या दिवशी म्हणाले, "मीपण पाड्यावरचा. मार खाऊनच माणूस झालो." निरगुडीचा फोक त्यांच्या टेबलावर कायम असायचा.

मी रात्रंदिवस तयारी करून शैक्षणिक साहित्य केलं होतं. बांबूच्या काड्या सोलून, दहा-दहाचे गठ्ठे, वर रबर. पाठाच्या दिवशी मुख्याध्यापक सर मागच्या बाकावर मूल्यमापनाचा कागद घेऊन बसले. मी तिसरीतल्या वनिताला पुढे बोलावलं.

"पासष्ट काड्या दाखव."

तिने सहा गठ्ठे घेतले. दोन-दोन गठ्ठ्यांच्या जोड्या लावल्या. तीन जोड्या. शेजारी पाच सुट्या काड्या. मान वर करून म्हणाली, "बाई, तीन ईस न् पाच."

मागून सर हसले. "बघा, शिकवलंय बाईंनी."

माझे कान तापले. माझा हात उठला आणि तिच्या गालावर बसला.

"पासष्ट म्हण!"

तो आवाज माझाच होता. पोरं हसली. वनिता रडली नाही. तिने घाईघाईने रबरं काढली आणि सगळ्या काड्या एकत्र करून टाकल्या. आपण काय मोजलं ते कोणाला दिसू नये म्हणून.

तास संपल्यावर सर म्हणाले, "हां. आता मास्तरीण झालीस." कागदावर त्यांनी लिहिलं, वर्गनियंत्रण उत्तम.

शाळेत मुलांना मारायला कायद्याने बंदी आहे. आमच्या परीक्षेत यावर प्रश्न आला होता. मी पूर्ण पान लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी वनिता आली नाही. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. तिची आई ओट्यावर नाचणी पाखडत होती. वनिता मला बघून आत पळाली. मी उभ्याउभ्या म्हणाले, "काल मी तिला मारलं."

आईने सूप थांबवलं नाही. "सांगितलं तिनं. मारलंस त मारलंस, बाय. पन पोरीनं बरोबर मोजलं का चुकली?"

"बरोबर मोजलं."

"मंग?"

वनिताला उद्या पाठवा, एवढंच मी म्हणाले. आई म्हणाली, "पाठवीन. पन परत हात लावलास त मी येईन, तुझ्यावर."

सकाळी वनिता आली. दाराजवळ बसली. मी सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "वनिताचं उत्तर बरोबर होतं. मी मारलं ते चूक. वनिता, माझं चुकलं." मग फळ्यावर लिहिलं: २० + २० + २० + ५ = ६५. विचारलं, कोणाच्या घरी ईस म्हणतात? एक हात वर आला. मग सगळेच. मागून एक पोरगा ओरडला, "बाई, माझी आजी त दोन ईसावर जातच नाय, तिथंच झोपते!" वनिता हसली. पहिल्यांदाच.

हसू ऐकून सर आले. हातात फोक.

"हे काय लिहिलंय? पूस."

"नाही सर. याच्यावरूनच मी त्यांना पासष्टपर्यंत नेतेय."

"पूस म्हणतो ना! तपासणीला साहेब आले तर काय म्हणतील, आदिवासी ते आदिवासीच राहिले?"

मी पुसलं नाही. ते वनिताकडे वळले. "हिच्यापासून सुरू झालं सगळं. हात पुढे कर." तिने केला. रोजच्या सवयीने केला. फोक वर गेला, मी मध्ये शिरून तो मुठीत धरला. त्यांनी ओढला. साल निघालेल्या फोकाने तळवा चिरला. मी सोडला नाही. फोक मधोमध मोडला.

"सर, तिचं काय चुकलं ते आधी सांगा."

"सही माझ्या हातात आहे, विसरू नकोस!"

"तिचं काय चुकलं?"

त्यांनी मला ढकललं. माझी पाठ फळ्यावर आपटली. वर्गात काही पोरं रडायला लागली. सर म्हणाले, "आपल्याच माणसाची लाज काढतेस," आणि निघून गेले.

सही झालेली नाही. शेऱ्यात लिहिलंय, वर्तन असमाधानकारक. कॉलेजातल्या मॅडम म्हणतात, माफी माग, गोड बोल, वर्ष वाचेल.

मी आंतरवासितेचा अहवाल लिहिला आहे. त्यात मारणाऱ्यांची नावं आहेत. पहिलं नाव माझं. वनिताला मारलं ती तारीख, ते कारण, ती थप्पड, सगळं. दुसरं नाव मुख्याध्यापकांचं. हा अहवाल मी कॉलेजला देणार आहे आणि त्याची प्रत शिक्षण विभागालाही. वर्ष गेलं तर पुन्हा करीन. माझ्यावर कारवाई झाली तर ती भोगीन. माफी एकदाच मागितली आहे, वनिताची. दुसऱ्या कोणाची मागणार नाही.

माझ्या वर्गात पोर ज्या भाषेत मोजेल, त्या भाषेपासून गणित सुरू होईल. त्यासाठी तिच्यावर कोणी हात उचलला, तर तो हात मी मोडीन. माझा असला तरी.