उंबऱ्याबाहेरचं टपाल

नानाकाका जेवायला बसले की त्यांच्या जानव्यातली किल्ली ताटाच्या कडेला टणकन वाजायची. उघड्या अंगाने, वाकून जेवायचे, आणि घासागणिक ती वाजायची. ट्रंकेची किल्ली जानव्याला बांधायची तेव्हा पुष्कळांना सवय होती, म्हणून कल्याणच्या आमच्या घरात कुणी काही विचारायला गेलं नाही. "काका, ती मागे टाका ना," असं मी म्हटलं की म्हणायचे, "चालायचंच गं." त्यांचं सगळं आयुष्य त्या 'चालायचंच'वर चाललेलं.

ठाण्याला एका कचेरीत ते कारकून होते. संध्याकाळी परतायचे ते पिळलेल्या धोतरासारखे. चपला काढायचंही जिवावर यायचं, ओट्यावर तसेच बसून राहायचे. त्यात, स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, सुमनने, जातीबाहेर रजिस्टर लग्न केलं आणि ती नागपूरला गेली. अण्णा, म्हणजे माझे वडील, घरात थोरले. घरी येणारं प्रत्येक पत्र, कुणाच्याही नावाचं असो, तेच फोडायचे. रीतच होती तशी. त्यांनी सर्वांदेखत सांगितलं, "तिचं पत्र ह्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही." नानाकाकांनी मान खाली घातली. मला त्यांचा असा राग आला! बापाने एक शब्द काढू नये?

शब्द काढला नाही, पण ठाण्याच्या पोस्टात जाऊन त्यांनी एक पेटी भाड्याने घेतली. अशा पेट्या व्यापारी घ्यायचे. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "धंदा कसला?" काका म्हणाले, "धंदा नाही हो, मुलगी आहे." हे त्यांनी मला शेवटच्या दुखण्यात सांगितलं, आणि सांगताना हसले. सुमनची पत्रं त्या पेटीत यायची. मधल्या सुट्टीत काका पेटी उघडायचे, पोस्टाच्या पायरीवर बसून पत्र वाचायचे आणि कचेरीतल्या आपल्या खणात ठेवून द्यायचे. थोरल्या भावाचा शब्द मोडला नाही. उंबऱ्याच्या आत पत्र कधी आलं नाही.

मग जेवताना म्हणायचे, "नागपूरला थंडी पडली म्हणे." चुलीपाशी काकूचे कान टवकारलेले. थंडी पडली म्हणजे लेक खुशाल आहे, एवढं आम्हा बायकांना कळत होतं. एकदा म्हणाले, "नागपूरला यंदा संत्री फार गोड निघाली म्हणे." काकू उठली आणि तिने देवापुढे साखर ठेवली. सुमनला मुलगा झाला होता.

एका श्रावणीला मात्र घोळ झाला. पुरुषांनी जानवी बदलली आणि जुनी खाडीत सोडायला अण्णांकडे दिली. किल्ली काढून घ्यायला काका विसरले. ती अण्णांच्या हाताला लागली, तशी त्यांनी चष्म्याजवळ नेऊन पाहिली. ट्रंकेच्या किल्लीवर काही पोस्टाचा नंबर नसतो. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ही स्वयंपाकघराच्या दारात जीव मुठीत धरून उभ्या. अण्णांनी किल्ली सोडवून त्यांच्यापुढे ठेवली. "नाना, तुझी ट्रंकेची किल्ली. सांभाळावी जरा माणसाने."

नानाकाका पुढे फार टिकले नाहीत. आधीच दमलेला जीव, तापाचं निमित्त झालं. त्यांना बाहेर काढण्याआधी अण्णा खाली बसले आणि त्यांच्या जानव्यातली किल्ली सोडवून घेतली.

त्यानंतर अण्णा मधूनमधून ठाण्याला जाऊ लागले. गुडघे धरलेले, परत आले की ओट्यावर काकांच्याच जागी बसून राहायचे. मला बघवेना. एकदा म्हटलं, "अण्णा, आता तरी तिची पत्रं घरी येऊ द्या की. किती दमता तुम्ही."

"शब्द गेलाय माझ्या तोंडून," ते म्हणाले. "पत्र आत येणार नाही."

त्या दिवशी ते जेवायला बसले आणि ताटाच्या कडेला किल्ली वाजली. वाढता वाढता काकूचा हात थांबला.

"नागपूरला ऊन फार तापलंय म्हणे," अण्णा ताटात बघत म्हणाले.

थोरल्या दिराशी काकू जन्मात समोरून बोलली नव्हती. ती चुलीकडे वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "भावोजी, सुमन बरी आहे ना?"

इतक्या वर्षांत अण्णांसमोर ते नाव कुणी घेतलं नव्हतं.

"बरी आहे," अण्णा म्हणाले. "आईची आठवण काढते."